नऊ वर्षांचा लॅपटॉप सुरू होत नाही : दुरुस्तीला पैसे घालावेत की नवा घ्यावा?

अक्षरजुळणी_सांगली

नमस्कार. सांगलीत मी घरातूनच अक्षरजुळणीचे काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि अधूनमधून एखादा प्रबंध असे कामाचे स्वरूप आहे. हे सगळे ज्या लॅपटॉपवर चालते तो मी २०१६ च्या दसऱ्याला ४२,००० रुपयांना घेतला होता. त्यात सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. बॅटरी खालचा खटका सरकवून काढता येते. २०१९ च्या महापुरात घरातले दोन पंखे आणि शिलाई मशीन गेले, पण लॅपटॉप मी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, म्हणून तो वाचला.

गेल्या गुरुवारी सकाळी बटण दाबले तेव्हा दिवा लागला, आतला पंखा एकदा घरघरला आणि दोन सेकंदांत सगळे बंद झाले. पडदा काळाच राहिला. त्यानंतर दर वेळी हेच होते आहे. चार्जरची पिन लावली की चार्जिंगचा नारिंगी दिवा मात्र लागतो आणि लागलेलाच राहतो. आदल्या रात्री साडेअकरापर्यंत मी त्यावर काम करत होते. तो पडलेला नाही आणि त्यावर पाणी किंवा चहाही सांडलेला नाही.

जवळच्या दुकानात नेला असता तेथील गृहस्थांनी मागचे झाकण न उघडताच, दोन-तीनदा बटण दाबून पाहून, 'मदरबोर्ड गेला' असे सांगितले. दुसरा बोर्ड बसवण्याचे ९,५०० रुपये होतील, त्यावर एक महिन्याची हमी मिळेल, पण एवढ्या जुन्या यंत्राला पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्यावा, असा त्यांचा सल्ला आहे.

अडचण अशी की तुळशीचे लग्न होऊन गेले आहे आणि पत्रिकांचा हंगाम तोंडावर आहे. माझे सगळे काम डोंगलवर (यूएसबीला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणाऱ्या श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि पेजमेकर ७ या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. शेवटची प्रत मी गणपतीत पेन ड्राइव्हवर घेतली होती. त्यानंतर जुळवलेली एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची ९६ पाने फक्त त्या डिस्कवर आहेत. अशा स्थितीत साडेनऊ हजार घालावेत, की तेवढेच पैसे नव्या लॅपटॉपच्या पहिल्या हप्त्याला लावावेत? निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा, हे कोणी अनुभवी व्यक्तीने सांगितल्यास बरे होईल.

बोर्डवाला_पुणे

ताई, मी तपकीर गल्लीत उमेदवारी केली आणि गेली चौदा वर्षे लॅपटॉपच्या बोर्डांचेच काम करतो. आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत आणि त्यांची उत्तरे एका क्रमाने मिळवली पाहिजेत. स्मरणिका कशी वाचवायची, हा पहिला. यंत्राला नेमके काय झाले, हा दुसरा. आणि त्या दुरुस्तीला किती पैसे द्यावेत, हा शेवटचा. दुकानदाराने आपल्याला थेट तिसऱ्यावर नेऊन उभे केले आहे.

पहिल्याचे उत्तर आजच मिळू शकते. लॅपटॉप सुरू होत नाही याचा अर्थ डिस्क खराब झाली असा होत नाही. बॅटरी काढा, खालचे झाकण उघडा, अडीच इंची हार्ड डिस्क दोन-चार स्क्रूंवर बसवलेली असते ती हळूच मागे ओढून काढा आणि तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या यूएसबी केसिंगमध्ये घालून शेजारच्या कोणाच्याही संगणकाला लावा. फाइली दिसल्या की आधी स्मरणिका, मग बाकीचे सगळे, असे दोन ठिकाणी उतरवून घ्या. डिस्कमधून टिकटिक असा ठरावीक आवाज आला तर मात्र पुन्हा पुन्हा जोडून पाहू नका. तेव्हा ते काम डेटा काढून देणाऱ्यांकडे सोपवावे. यंत्र दुरुस्तीला द्याल तेव्हा डिस्क घरी ठेवूनच द्या. बोर्ड तपासायला तिची गरज पडत नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना : ज्यांच्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेले, कुलूप सुरू आहे त्यांनी बोर्ड बदलण्याआधी ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक शोधून ठेवावा, कारण कुलपाची किल्ली बोर्डवरच्या सुरक्षा चिपशी बांधलेली असते आणि बोर्ड गेला की तीही जाते.

दुसऱ्या प्रश्नाचा निम्मा भाग घरीच सुटतो. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून सुरू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरा, मग बॅटरी न लावता केवळ चार्जरवर सुरू करून पाहा. त्यानंतर उलट करा, चार्जर काढून केवळ बॅटरीवर पाहा. चार्जरचा दिवा लागतो एवढ्यावरून चार्जर ठीक आहे असे समजू नये. थकलेला चार्जर दिव्यापुरता वीजपुरवठा करतो आणि यंत्राने खरा भार टाकताच कोसळतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा दुसरा चार्जर कोणाकडून मागून लावून पाहा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहा आणि सोनेरी दाते मऊ खोडरबराने पुसा. आपल्याकडची पावसाळी हवा त्या दात्यांवर अगदी पातळ थर चढवते आणि यंत्र वर्षानुवर्षे उघडले नसेल तर कधीतरी तेवढ्यावरही अडते. याने काम झाले तर खर्च पाच रुपयांच्या खोडरबराचा.

नाही झाले, तर बोर्डाकडे वळावे. पण 'मदरबोर्ड गेला' हे निदान नव्हे. ताप आलेल्या माणसाला 'शरीर बिघडले' असे सांगण्यासारखे ते आहे. चार्जरचे १९ व्होल्ट बोर्डावर आले की त्यांतून आधी ३.३ आणि ५ व्होल्टचे सतत जागे असणारे पुरवठे तयार होतात, मग बटणाकडे लक्ष ठेवणारी एक छोटी चिप जागी होते आणि तुम्ही बटण दाबताच ती रॅमचा, प्रोसेसरचा आणि इतर पुरवठे क्रमाने चालू करते. या साखळीत एक कडी जरी तयार झाली नाही, तरी ती चिप सगळे बंद करते. तुमचा चार्जिंगचा दिवा स्थिर आहे आणि यंत्र दोन सेकंद धडपडते, याचा अर्थ वाटेचा पहिला टप्पा बहुधा शाबूत आहे आणि पुढच्या एखाद्या पुरवठ्यावर शॉर्ट किंवा बिघाड आहे. पुष्कळदा तो एका सिरॅमिक कपॅसिटरचा, म्हणजे बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या चिमुकल्या भागाचा असतो, ज्याची किंमत सांगायलाही लाज वाटावी. बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणारा पहिला प्रोग्राम साठवणारी, आठ पायांची चिप बिघडली तरी अशीच लक्षणे दिसू शकतात, आणि ती पुन्हा लिहून देता येते.

म्हणून चिप लेव्हल काम करणारा, म्हणजे पूर्ण बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला भागच बदलणारा, कारागीर गाठा. सांगलीत नसेल तर कोल्हापूर किंवा पुणे. तो खरा आहे की नाही हे ओळखण्याची माझी खूण अशी : कोणता पुरवठा बसला आहे, असे विचारल्यावर त्याने बोट ठेवून दाखवले पाहिजे. नवशिक्या कारागिराला प्रोसेसरच्या वाटेवर रोध अगदी कमी दिसतो आणि तो प्रोसेसरच शॉर्ट असल्याचे सांगून मोकळा होतो. वास्तविक तिथला रोध मुळातच तेवढा कमी असतो. आणि कोणी 'बोर्ड भाजून देतो', म्हणजे गरम हवेने तापवून चालू करून देतो म्हणाला, तर यंत्र उचलून बाहेर पडा. असे यंत्र काही आठवडे चालते आणि नेमके हंगामात झोपते.

आता पैशांचे. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना नव्या लॅपटॉपच्या किमतीशी करू नये, कारण दुरुस्तीनंतर हाती नवा लॅपटॉप येत नाही. तुमचाच जुना, पण चालू, लॅपटॉप येतो. तसलाच चालू लॅपटॉप जुन्या बाजारात दहा-बारा हजारांना मिळत असेल, तर त्याच्या बोर्डाला साडेनऊ हजार देणे मला पटत नाही, विशेषतः तो बोर्ड भंगारात निघालेल्या तेवढ्याच वयाच्या यंत्रातून काढलेला असण्याची दाट शक्यता असताना. चिप लेव्हल दुरुस्ती दीड ते तीन हजारांत होत असेल तर जरूर करावी. तपासणीचे तीनशे-पाचशे वेगळे द्यावे लागले तरी द्यावेत.

संगणकविभाग_ठाणे

वरील उत्तरातील तांत्रिक भागाशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. एका कार्यालयात दोनशेच्या आसपास लॅपटॉप सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्या अनुभवातून सांगतो की नऊ वर्षांच्या यंत्रात एक कपॅसिटर गेला म्हणजे तो एकटा गेलेला नसतो; बिजागरी सैल झालेली असते, बॅटरी तासभरही टिकत नसते, पंख्यात धूळ बसलेली असते आणि नऊ वर्षे फिरलेली हार्ड डिस्क कोणत्या दिवशी थांबेल हे सांगता येत नसते. आज दोन हजार, मार्चमध्ये पुन्हा दोन हजार, असे हप्ते सुरू होतात आणि दर वेळी चार दिवस काम बंद राहते ते वेगळेच. ज्यांचे पोट यंत्रावर आहे त्यांनी बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब दुरुस्तीच्या पावतीत धरला पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यानंतर नाही. विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, म्हणजे आपल्या सहाव्या पिढीच्या यंत्राला अधिकृत मार्ग बंद आहे. आडमार्गाने ते बसवणारे आहेत, पण ज्यावर ग्राहकांची कामे आणि कदाचित बँकेचे व्यवहारही होतात अशा यंत्रावर मी तो प्रयोग करणार नाही.

माझी सूचना अशी की नव्या लॅपटॉपचा हप्ताही नको आणि जुन्याची दुरुस्तीही नको. कंपन्यांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडणारे, आठव्या किंवा दहाव्या पिढीचे, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असलेले लॅपटॉप तपासून-नूतनीकरण करून विकले जातात. आमच्याकडून बाहेर गेलेली अशी यंत्रे बावीस-पंचवीस हजारांना विकली गेल्याचे मी पाहिले आहे. सहा महिन्यांची लेखी हमी मागा आणि बॅटरीचा अहवाल समोर काढून घ्या. रॅमचे भाव अलीकडे चढू लागले आहेत, त्यामुळे फार काळ थांबू नका.

खिळा_ते_युनिकोड

मी कोल्हापूरचा. शिशाचे खिळे जुळवण्यापासून या धंद्यात आहे, त्यामुळे वरच्या दोघांनी ज्या गोष्टीला हात लावला नाही तेवढ्यापुरते लिहितो. अक्षरजुळणी करणाऱ्याचा लॅपटॉप म्हणजे प्रोसेसर आणि रॅम नव्हे. त्यावरचे फॉन्ट, आवृत्त्या आणि लागलेल्या सवयी मिळून ते यंत्र बनलेले असते.

पेजमेकर ७ हे २००१ सालचे सॉफ्टवेअर आहे आणि त्याला युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत, कळत नाही. त्यात श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल नव्या यंत्रावर नेली आणि तिथे नेमका तोच फॉन्ट नसला, तर 'चि. सौ. कां.' च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत असत. त्यापुढच्या उघडत नाहीत. म्हणजे ठाण्याच्या गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे उद्या उत्तम यंत्र आणले, तरी परवा सकाळी पत्रिका निघेलच असे नाही. डोंगलचा परवाना असल्यामुळे आपण त्यातल्या त्यात सुदैवी आहात. डोंगल काढून दुसऱ्या यंत्राला लावता येतो, पण मूळ सॉफ्टवेअरची सीडी आणि त्या डोंगलला चालणारी आवृत्ती हाताशी आहे का, हे आधी शोधा. ज्यांचा परवाना डोंगलवर नसून त्याच यंत्राशी बांधलेला आहे, त्यांचा बोर्ड बदलल्यावर नव्याने मंजुरी मागत बसावे लागते.

म्हणून माझे मत असे की जुने यंत्र थोडक्यात दुरुस्त होत असेल तर ते करून घ्यावे, पण त्याचे इंटरनेट कायमचे तोडावे. विंडोज १० चा आधार संपल्याची काळजी जोडलेल्या यंत्राला आहे. माझ्या कार्यशाळेत विंडोज ७ वर चालणारा एक संगणक आजही केवळ जुन्या फाइली उघडून पीडीएफ काढण्यासाठी आहे आणि त्याला जाळ्याची तार लावलेलीच नाही. नवे काम दुसऱ्या यंत्रावर युनिकोडमध्ये सुरू करावे आणि जुन्यातला मजकूर परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फॉन्टचे युनिकोड करणाऱ्या प्रोग्राममधून, एकेक करून आणावा. परिवर्तक रफार आणि जोडाक्षरांत हमखास चुका करतो, तेव्हा मुद्रितशोधनाचा वेळ धरूनच तारीख द्यावी. एकदा एका अहवालात 'कार्याध्यक्ष' दर पानावर 'कायार्ध्यक्ष' होऊन छापले गेले. ते बिल मला अर्धेच मिळाले.

अक्षरजुळणी_सांगली

आपणा सर्वांचे आभार. आठवडाभरात जे घडले ते कळवते.

केसिंग साडेतीनशेला मिळाले. डिस्क भाचीच्या संगणकाला लावली आणि स्मरणिकेची फाइल दिसली तेव्हा मी तिथेच खाली बसले. सगळे दोन ठिकाणी उतरवले. डिस्कमधून कोणताही आवाज आला नाही. बॅटरी काढून, चार्जर बदलून, रॅमच्या पट्ट्या एकेक करून आणि खोडरबराने पुसून पाहिले. काहीही फरक पडला नाही.

त्यानंतर कोल्हापुरातील एका कारागिराकडे यंत्र नेले. त्यांनी माझ्यासमोर बोर्ड बाहेर काढला आणि मीटरची टोके एकेका ठिकाणी टेकवत एका जागी थांबले. मी पुण्याच्या दादांनी सांगितलेला प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि ५ व्होल्टच्या एका उपवाटेवर बोट ठेवले; बटण दाबल्यावरच जिला वीज मिळते अशी ती वाट आहे, असे सांगितले. मग बोर्डाच्या त्या भागावर ब्रशने स्पिरिटसारखे काहीतरी पसरले आणि वीजपुरवठ्याच्या पेटीतून अगदी कमी व्होल्ट त्या वाटेत सोडले. सगळा भाग ओला चकचकीत होता आणि त्यात एकच ठिपका बघता बघता कोरडा पडला. शॉर्ट झालेला तुकडा तापतो आणि त्याच्यावरचे द्रव आधी उडून जाते, असे त्यांनी समजावले. तो कपॅसिटर खसखशीच्या दाण्याएवढा होता. त्यांनी तो चिमट्याने उचलून कागदावर ठेवला, तर मला तो कागदावरचा डाग वाटला.

दुसरा कपॅसिटर बसवून, पंखा साफ करून आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून एकूण १,८०० रुपये झाले. तीन महिन्यांची हमी त्यांनी पावतीवर लिहून दिली. ठाण्याच्या दादांचे म्हणणे मी विसरलेले नाही : बिजागरी सैल आहेच आणि बॅटरी चाळीस मिनिटे चालते. त्यामुळे लगेच आणखी २,४०० घालून त्याच कारागिराकडून २५६ जीबीची एसएसडी बसवून घेतली आणि जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवून घेतली. जुनी डिस्क आता कपाटात आहे.

या यंत्राचे वायफाय बंद करून ते मी फक्त पेजमेकरसाठी ठेवले आहे. ईमेल आणि बँकेचे व्यवहार तूर्त भाचीच्या संगणकावर करते. पत्रिकांचा हंगाम संपला की नूतनीकरण केलेला दहाव्या पिढीचा लॅपटॉप घेईन आणि नवी कामे युनिकोडमध्ये सुरू करीन. एवढेच विचारायचे आहे की श्रीलिपीची सीडी सापडली, पण नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसेल. त्यावर काय करावे?

बोर्डवाला_पुणे

सीडी आत्ताच, जुन्या लॅपटॉपचा ड्राइव्ह चालू आहे तोवर, त्यातच घालून तिची पूर्ण प्रतिमा फाइल म्हणून उतरवून ठेवा आणि तीही दोन ठिकाणी. नऊ वर्षांच्या सीडी ड्राइव्हची काच धुळकट असते. पहिल्या खेपेला वाचली नाही तर घाबरू नका, सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसून पुन्हा घाला. आणि नवा घेताना रुंद यूएसबीची जागा किमान दोन ठिकाणी आहे ना, हे पाहून घ्या, कारण त्यांतली एक डोंगल कायमची अडवणार आहे.